वीस तारखेलाच खाण्याचे पैसे संपतात? आमच्या घरातली गळती कुठे सापडली ते सांगते

तर प्रॉब्लेम असा. दर एक तारखेला आम्ही खाण्यापिण्याचे १६,५०० रुपये बाजूला काढतो आणि दर वीस-एकवीसला मी नवऱ्याला विचारत असते, तुझ्याकडे आहेत का रे दोन हजार. घरात पाच माणसं, आम्ही दोघं, सासूबाई, मुलगा चौदाचा आणि मुलगी आठची. राहायला डोंबिवली पूर्व, दोघंही नोकरीवाले, मी दादरला जाते. पगार बरे आहेत, कर्ज म्हणाल तर घराचं तेवढं, कोणाला महागडी व्यसनं नाहीत, तरी हे असं गेली तीन वर्षं न चुकता चाललेलं. आणि दर वेळी मी म्हणायचे, महागाईच केवढी आहे. महागाई आहेच, पण वाणसामानाची यादी काढून बघितली तर तिकडे एवढा फरक पडलेला नव्हता, मग जात होते कुठे?

आधी जे केलं आणि फसलं ते सांगते, म्हणजे तुमचा वेळ वाचेल.

खर्च लिहायचं ॲप घेतलं, नऊ दिवस चाललं. दहाव्या दिवशी गाडीला गर्दी होती, लिहायचं राहिलं, मग दुसऱ्या दिवशी दोन दिवसांचं आठवून लिहायचं, मग चार दिवसांचं, आणि मग त्या ॲपचं नोटिफिकेशनच बंद करून टाकलं. मग वही फ्रिजला लटकवली, तिला दोरीने पेनसुद्धा बांधलं होतं, ते पेन मुलीने शाळेत नेलं. मग पाकिटं. माझी आई अलिबागला अशीच करायची, दूध, वाणी, बाजार, प्रत्येकाचं वेगळं पाकीट आणि पाकीट रिकामं झालं की विषय संपला. पण तेव्हा नोटाच होत्या. आता स्टेशनबाहेर कोथिंबिरीची जुडी विकणाऱ्या मावशींच्या टोपलीलासुद्धा क्यूआर चिकटवलेला आहे, पाकीट घरी कपाटात आणि खर्च फोनमधून, त्यामुळे महिनाअखेर पाकिटात पैसे शिल्लक आणि खात्यात खडखडाट अशी गंमत झाली. आणि शेवटचा उपाय म्हणजे शपथ. या महिन्यात बाहेरचं एकदम बंद. ही शपथ साधारण सहा तारखेपर्यंत टिकते आणि सात तारखेला घरात पिझ्झा येतो, तोही मोठा.

मग जूनमध्ये ठरवलं की काहीच लिहायचं नाही, काहीच आवरायचं नाही, जसं चाललंय तसं चालू दे. आणि जुलैच्या पहिल्या रविवारी दोघांचे फोन, मार्टची बिलं आणि सासूबाईंनी देवघराच्या ड्रॉवरमध्ये जपून ठेवलेल्या चिठ्ठ्या घेऊन बसलो. पैसे कुठे गेले हे रोज लिहायची गरजच नाही, सगळं फोनमध्ये आपोआप लिहिलेलं असतं, तारखेसकट आणि वेळेसकट. फक्त एक लक्षात ठेवा, यूपीआय लाइट (फोनमधलं छोट्या खर्चांचं वॉलेट) चालू असेल तर त्यातले छोटे छोटे खर्च बँकेच्या स्टेटमेंटमध्ये एकेक करून दिसत नाहीत, तिकडे नुसतं लाइटमध्ये पैसे भरल्याची एंट्री दिसते, त्यामुळे पेमेंट ॲपच्या हिस्टरीत जाऊन बघावं लागतं. आमचे निम्मे चोर तिथेच लपले होते. पिन टाकावा लागत नाही ना, हात पटकन जातो.

अडीच तास लागले, एक भांडण झालं (नवऱ्याच्या ऑफिसखालचा ज्यूस, महिन्यात अकरा वेळा), आणि आकडा आला २३,१४०. म्हणजे ठरवल्यापेक्षा ६,६४० जास्त. दूध ठरल्याप्रमाणे, पन्नास रुपये इकडेतिकडे. वाणसामान सहाशेने जास्त. भाजी आणि फळं आठशेने जास्त, पावसाळ्यात पालेभाजी तशी चढतेच. मासे-चिकन-अंडी साडेतीनशेने जास्त, जूनमध्ये मासेमारी बंद, सुरमईच्या नुसत्या वासाचे पैसे पडतात. आणि बाहेरचं खाणं अधिक दहा मिनिटांत आणून देणारी ॲप्स हे आम्ही धरले होते १,५००, ते निघाले ६,३४०. आईशप्पथ, मी दोनदा बेरीज केली.

लाज वाटली म्हणून जरा वाचलं तर कळलं की आपण एकटे नाही. केंद्र सरकारच्या २०२२-२३ च्या घरगुती खर्चाच्या सर्वेक्षणात शहरी घरांच्या खर्चात खाण्याचा वाटा ३९ टक्क्यांच्या आसपास आहे आणि त्यातला सगळ्यात मोठा हिस्सा पेयं आणि तयार खाद्यपदार्थांचा, एकूण खर्चाच्या १० टक्क्यांहून जास्त. दूध, धान्य, भाजी, यातल्या कुठल्याही एकापेक्षा जास्त. म्हणजे आपण सगळेच डाळीच्या भावावर वाद घालतो आणि पैसे जातात फरसाणावर.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. त्या ६,३४० मध्ये एकूण ४७ पेमेंटं होती. मी सहज वेळा बघितल्या. ४७ पैकी ३१ संध्याकाळी साडेसहा ते नऊच्या मधली! सकाळची जेमतेम चार, दुपारी ऑफिसातली बाकीची. तिथे माझी ट्यूब पेटली. मी तीन वर्षं स्वतःला सांगत होते की मला मोह आवरत नाही, माझ्यात शिस्त नाही, अमुक नाही तमुक नाही. अहो सकाळी अकरा वाजता मला कसलाच मोह होत नव्हता. आमचं बजेट मोडत होतं ते रात्रीच्या जेवणाचं काही ठरलेलं नसताना, पोटात भूक घेऊन, स्टेशन ते घर या पंधरा मिनिटांत.

ती पंधरा मिनिटं कशी असतात ते लोकलने जाणाऱ्या बायकांना वेगळं सांगायला नको. सात चाळीसला उतरायचं, दुपारी दीडचा डबा कधीच जिरलेला. पुलावरून खाली आलं की पहिला वडे तळल्याचा वास. पुढे फरसाणवाला, काचेमागे गरम समोसे. त्याच्या पुढे सोललेले मटार, चिरलेली फरसबी, खवलेलं खोबरं, सगळं पिशव्या भरून तयार. मग पोळीभाजी केंद्र. आणि तेवढ्यात घरून फोन, आई आज काय आहे जेवायला. आता मला सांगा, या क्षणी कुठली बाई ‘थांब, बजेट बघून सांगते’ म्हणेल? मी म्हणायचे, बघते काहीतरी. हे ‘बघते काहीतरी’ आम्हाला दर वेळी तीनशे ते पाचशेला पडत होतं.

मग उपाय त्या वेळेपुरतेच करायचे ठरवलं, बाकी दिवसभर मी आहे तशीच.

पहिला उपाय हास्यास्पद वाटेल. पर्समध्ये भाजलेले चणे-शेंगदाणे. सव्वासहाला ऑफिसमधून निघताना किंवा गाडीत बसायला मिळालं तर (चौथी सीट का होईना) ठाण्याच्या आधी खाऊन टाकायचे, वर पाणी प्यायचं. पोटात काहीतरी असलं की वड्याचा वास नुसता वास राहतो. पाव किलो शेंगदाणे मला आठवडाभर पुरतात. एवढ्यानेच स्टेशनवरची खरेदी निम्मी झाली. बाकी काही जमलं नाही तरी हे करून बघा.

दुसरा, ‘आज काय’ हा प्रश्न संध्याकाळी उरूच द्यायचा नाही. मला आठवड्याचा मेनू वगैरे जमत नाही, दोनदा करून बघितला, मंगळवारी ठरलेली भेंडी मंगळवारी करावीशी वाटेलच असं नाही. त्याऐवजी मी हातचे तीन पदार्थ कायम घरात ठेवते, जे दमून आलं तरी वीस मिनिटांत होतात. रविवारी मूग नाहीतर मटकी भिजवून मोड आणते, ते फ्रिजमध्ये तीन-चार दिवस छान राहतात. कांदा-खोबऱ्याचं वाटण रविवारीच करून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवते, चार चौकोन टाकले की उसळ किंवा अंड्याची आमटी. आणि बेसन, तांदूळ, मुगाची डाळ संपू द्यायची नाही, म्हणजे पिठलं आणि खिचडी कधीही. पिठलं म्हटलं की मुलं तोंड वाकडं करतात, करू देत, वर कच्चा कांदा आणि मिरचीचा ठेचा दिला की मुलगाच दोनदा घेतो. माझ्या आईची आगोटीची सवय आता कळायला लागली. पावसाच्या आधी मे महिन्यात सुकट, बोंबील, कडधान्यं, पापड भरून ठेवायची, कारण जून-जुलैत बाजारात ताजं काही मिळणार नाही हे तिला माहीत होतं. मला फक्त रोज संध्याकाळची आगोट करायची आहे.

आणि पोळ्या. यावर आमच्याकडे मोठा वाद झाला. सासूबाईंचं म्हणणं, पोळ्या विकत आणायच्या म्हणजे संसार बुडाला. मी हिशोब मांडला. पाच माणसांना केंद्रातल्या बारा पोळ्या आणल्या तर साधारण दीडशे रुपये, उसळ घरात आहेच. पोळ्या लाटायचा कंटाळा आला म्हणून हॉटेलातून मागवलं तर साडेचारशे-पाचशे. म्हणजे दीडशे खर्च करून तीनशे-साडेतीनशे वाचले. आठवड्यातून दोन दिवस विकतच्या पोळ्या आता बजेटमध्येच धरल्यात आणि त्याबद्दल मला काडीचंही वाईट वाटत नाही. ‘सगळं घरीच करा म्हणजे स्वस्त पडतं’ हे जे लोक सांगतात त्यांनी एकदा सात चाळीसला उतरून दाखवावं.

चिरलेल्या भाजीचंही तसंच. चिरलेली फरसबी अख्ख्या फरसबीच्या जवळजवळ दुप्पट पडते, मान्य. पण माझ्या फ्रिजच्या तळाच्या ड्रॉवरमध्ये अख्खी फरसबी किती वेळा गुरुवारपर्यंत पिवळी पडून गेली आहे ते मला माहीत आहे. ज्या भाज्या निवडायला वेळ लागतो त्या शनिवारी-रविवारीच आणायच्या, मधल्या दिवसांसाठी दुधी, कोबी, टोमॅटो, वांगी असलं सोपं, किंवा थोडे पैसे जास्त देऊन चिरलेली पण पाव किलोच. पाव किलो मागायला मला आधी लाज वाटायची. ‘घ्या हो ताई अर्धा किलो, वीस रुपये कमी लावते’ म्हटलं की मी घ्यायचे आणि त्यातलं पाव किलो मी खरंतर कचऱ्याच्या बादलीसाठी घेतलेलं असायचं. भाजीतले आठशे जास्त म्हणाले ना, ते बहुतेक असेच गेले.

आता दहा मिनिटांवाली ॲप्स. इथला खेळ वेगळा आहे. हवी असते एक कोथिंबीर आणि दह्याचा डबा, पण ठरावीक रकमेच्या खाली ऑर्डर असली की डिलिव्हरी चार्ज लागतो, मग तीस रुपये वाचवायला आपण एकशे ऐंशीचं काहीतरी टाकतो, चिप्स, कुकीज, ते कोरियन नूडल्स. एका रविवारी माझ्या ऑर्डरीत आलं, पनीर, आणि मग एक पेन स्टँड. पेन स्टँड! खाण्याच्या खात्यातून.

ॲप काढून टाकून बघितलं, नवऱ्याने तिसऱ्या दिवशी ‘रिमोटच्या सेलसाठी’ परत टाकलं. शेवटी जे चाललं ते असं की ॲप फक्त सासूबाईंच्या फोनवर ठेवायचं. ऑर्डर करायची तर त्यांना सांगायचं. आणि त्या काही नाही म्हणत नाहीत हं, नुसतं विचारतात. परवाचंच ऐका, मुलगा गेला त्यांच्याकडे.

‘आजी, चॉकलेट स्प्रेड मागव ना.’

‘मागवते की. कशाला लावून खाणार?’

‘ब्रेडला.’

‘ब्रेड आहे का घरात?’

‘नाही, तोपण मागव.’

‘बरं. आणि आत्ता पोळी-गूळ-तूप खाऊन झालं की मागवू का?’

पोळी खाल्ली आणि क्रिकेटला गेला. हे असं महिन्यातून दहा-बारा वेळा होतं आणि त्यातल्या दोन-तीन वेळाच ऑर्डर जाते. ज्यांच्या घरी आजी नाही त्यांनी निदान सेव्ह केलेलं कार्ड आणि यूपीआय त्या ॲपमधून काढून टाका, आकडे परत टाकायच्या कंटाळ्यानेही बऱ्याच ऑर्डरी मरतात.

पैशांची विभागणीही बदलली. आधी महिन्याचा एकच आकडा होता, त्यामुळे पाच तारखेला श्रीमंत आणि वीसला भिकारी. आता दूध आणि वाणसामान वेगळं, त्याचे ९,५०० पहिल्याच आठवड्यात जातात, ते जाऊ दे. उरलेले ७,००० एका वेगळ्या बँक खात्यात, आणि तेच खातं माझ्या फोनमधल्या यूपीआयला जोडलेलं, पगाराचं खातं तिथून काढलं. नवऱ्याला खर्च करायचा तर याच खात्यातून मागायचा, ज्यूस त्याच्या स्वतःच्या पैशाने. दर सोमवारी या खात्यात १,६०० टाकते. चार आठवड्यांचे होतात ६,४००, आणि राहिलेले ६०० महिन्याच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांसाठी. हे सहाशे विसरू नका. महिना चार आठवड्यांचा नसतो, अठ्ठावीस तारखेनंतरचे दिवस कोणाच्याच हिशोबात नसतात आणि मी दर वेळी तिथेच उसने घ्यायचे. आणि रविवारी रात्री जे शिल्लक असेल, मग ते चाळीस रुपये का असेनात, ते पुढच्या आठवड्यात जातं, मुलीला ते भारी आवडतं, तीच बघून सांगते किती उरले.

वाणसामानाचं मी फार काही केलं नाही, दोनच गोष्टी. एक, मार्टमध्ये ट्रॉली घ्यायची नाही, हातातली बास्केट दोन, एक मी एक नवरा. बास्केट जड झाली की माणूस आपोआप विचार करतो. दुसरं, तेलाच्या पिशवीवरचं वजन वाचायचं. एक लिटर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. आता बाजारात साडेसातशे, आठशे, आठशेचाळीस ग्रॅमच्या पिशव्यासुद्धा येतात, दिसायला डिट्टो लिटरच्या पिशवीसारख्या. मी दोन वर्षं १३० वाली घेत होते कारण शेजारची १३८ ला होती. मग एकदा चष्मा लावून बघितलं तर १३० वाली ८४० ग्रॅमची आणि १३८ वाली पूर्ण लिटरची. म्हणजे स्वस्त वाटणारी किलोला १५५ रुपये आणि महाग वाटणारी १५२. फरक थोडाच आहे, पण आमचं तेल दर महिन्याला दोन-तीन दिवस आधी का संपतं हे कोडं तेव्हा सुटलं. आता कायद्याने पाकिटावर ग्रॅमची किंवा किलोची किंमत छापलेली असते, बारीक अक्षरात असते पण असते, बिस्किट, डिटर्जंट सगळीकडे तीच बघायची.

तुमच्याकडची गळती आमच्यासारखीच असेल असं नाही. स्टेटमेंट काढलंत की आधी तारखा बघा. पैसे पहिल्या आठ दिवसांतच निम्मे गेले असतील तर दोष महिन्याच्या मोठ्या खरेदीत आहे, यादी आणि डबे बघा, आधीचे पोहे संपले नसताना नवे आलेत का ते बघा. खर्च शनिवार-रविवारी उसळत असेल तर ती करमणूक आहे, तिला जेवणाच्या बजेटमध्ये ठेवूच नका, वेगळं खातं द्या, कारण मॉलमध्ये फिरायला जाऊन खाल्लेला डोसा हा काही भुकेचा डोसा नसतो. आणि आमच्यासारखं रोज थोडं थोडं संध्याकाळी जात असेल तर वर सांगितलंय ते. पेमेंटांच्या वेळा बघितल्याशिवाय कुठलाही उपाय सुरू करू नका, मी तीन वर्षं डोकेदुखीवर पोटाचं औषध घेत होते.

आता निकाल, खरा खरा. जुलैत १९,८०० झाले. ऑगस्टमध्ये १७,९००, अर्थात श्रावण होता, मासे-चिकन बंद, त्यात माझं कर्तृत्व थोडंच. सप्टेंबरमध्ये गणपती, २१,३००. पाहुणे, नारळ, खवा, प्रसादाचे पेढे, गौरीचं जेवण, आणि दमून झाल्यावर दोन रात्री चक्क बाहेरून मागवलं. तेव्हा कळलं की सणाचा खर्च महिन्याच्या बजेटमध्ये कोंबायचा म्हणजे बजेटलाच खोटं पाडणं आहे. आता वर्षभर महिन्याला पाचशे वेगळे टाकते, गणपती-दिवाळीला ते काढायचे. ऑक्टोबर १७,२००. म्हणजे १६,५०० एकदाही झाले नाहीत. शेवटी आम्ही आकडाच बदलला, १७,५०० केला. आमच्या घरात पाच माणसं नीट जेवतात त्याला एवढे लागतात, आधीचा आकडा मी कुठल्यातरी मैत्रिणीचा ऐकून ठरवला होता आणि तिच्या घरी तीन माणसं आहेत.

वीस तारखेचं उसनं मात्र बंद झालंय. आज चोवीस आहे, खात्यात ७१० आहेत, फ्रिजमध्ये मटकीला मोड आलेत.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. मुलाचा क्लास साडेआठला सुटतो, खाली फ्रँकीवाला, आणि सगळे मित्र खातात. त्याला आठवड्याचे दीडशे दिले होते, ते मंगळवारीच संपतात, मग तो मित्राकडून घेतो आणि मला नंतर कळतं. डबा दिला तर नेत नाही, लाज वाटते म्हणे. ओरडून झालं, समजावून झालं. नववीतल्या मुलाला हे कोणी जमवलं असेल तर सांगा बाई.